मराठी वाचताना अडखळणारं मूल आणि शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पहिली ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. विशेष गरजांचा विषय फार मोठा आहे. इथे फक्त वाचन-लेखनाच्या अध्ययन अक्षमतेबद्दल लिहिलं आहे, शेवटी थोडं गणिताबद्दल. विशेष गरजा असलेल्या मुलांत ही मुलं सर्वांत जास्त असूनही सर्वांत कमी ओळखली जातात.

अध्ययन अक्षमता म्हणजे नेमकं काय?

मुलाला दिसतं, ऐकू येतं, ते शाळेत येतं, बोलण्यात आणि व्यवहारात चटपटीत आहे, तरी दोन-तीन वर्षं शिकवूनही वाचन-लेखन किंवा गणित जमत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यांतलं एक विशिष्ट अध्ययन अक्षमता. वाचनाशी संबंधित प्रकाराला डिस्लेक्सिया, लेखनाशी संबंधित प्रकाराला डिस्ग्राफिया आणि गणिताशी संबंधित प्रकाराला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात दोन प्रकार असणं नेहमीचं आहे. हा आजार नाही, म्हणून त्यावर औषधही नाही. पण योग्य पद्धतीने शिकवलं तर वाचन सुधारतं, आणि लवकर सुरुवात केली तर जास्त सुधारतं.

आमचं मूल अक्षरं उलटी लिहितं. हा डिस्लेक्सियाच ना?

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं अक्षरं, आकडे उलटे काढतात आणि पुढे ते आपोआप थांबतं. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक वेळा डोळ्यांत नसून आवाजात असतं. शब्दातले सुटे आवाज ओळखणं, ते खुणांशी जोडणं आणि झटकन आठवणं मुलाला जड जातं. त्यामुळे उलट्या अक्षरांपेक्षा दुसरी-तिसरीत पुढच्या गोष्टींकडे लक्ष द्या.

जोडाक्षर फोडून वाचणं, उदाहरणार्थ ‘पुस्तक’चं ‘पुसतक’. रफार गाळणं, म्हणजे ‘सूर्य’ ऐवजी ‘सूय’. मात्रा सोडून देणं. क-ख, द-ध अशा आवाजांत गोंधळ. घ-ध, भ-म, ब-व, य-थ अशा दिसायला जवळच्या अक्षरांत गोंधळ. ओळखीच्या धड्यातलं पान पाठ म्हणणं, पण तेच शब्द फळ्यावर सुटे लिहिले की थांबणं. ही शेवटची खूण सर्वांत बोलकी आहे.

आधी काय तपासून घ्यावं?

डोळे आणि कान. सारख्या सर्दीने कानात पाणी साचलेल्या मुलाला ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक नीट ऐकू येत नसेल. मग हजेरी पाहा: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं मूल वर्षातले चार-पाच महिने वर्गातच नसेल, तर अडचण शिकण्याच्या क्षमतेत आहे असं म्हणता येत नाही.

आणि घरची भाषा. नंदुरबारला पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारं मूल मराठीत अडखळलं, तर ते आधी परक्या भाषेशी झगडत असतं. फरक ओळखायचा असेल तर मुलाला घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा आणि आवाजांचे खेळही घरच्याच शब्दांवर घ्या. तिथे ते सहज खेळत असेल, तर गरज भाषेच्या आधाराची आहे. स्वतःच्या भाषेतल्या शब्दांतलेही आवाज त्याला सुटे करता येत नसतील, तर पुढे वाचा.

शिक्षकांना वापरता येईल असं चाचणी साधन मराठीत आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा संच तयार केला असून त्यात पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक चाळणी चाचणी आहे. मात्र चाळणी चाचणीतून निदान होत नाही. कोणाकडे बारकाईने पाहायचं, एवढंच ती सांगते.

‘पुराव्यावर आधारित पद्धत’ म्हणजे काय? मराठीसाठी असा पुरावा आहे का?

काही मुलांना एका पद्धतीने आणि तशाच दुसऱ्या मुलांना नेहमीच्या पद्धतीने शिकवून, दोन्ही गटांची प्रगती मोजून, वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा फरक दिसला, तर ती पद्धत पुराव्यावर उभी आहे असं म्हणतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने 2000 साली अशा अभ्यासांचा आढावा घेतला. शब्दातल्या आवाजांची जाण, आवाज आणि अक्षराची जोडी क्रमाने व उघडपणे शिकवणं, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन, या पाच गोष्टींना त्यात भक्कम आधार मिळाला.

यातलं बरंच संशोधन इंग्रजीवरचं आहे आणि ते जसंच्या तसं उचलू नये. इंग्रजीत 26 अक्षरं, आपल्याकडे मात्रा आणि जोडाक्षरं धरून शेकडो रूपं. बंगळुरूच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा सगळी रूपं अंगवळणी पडायला प्राथमिकची कित्येक वर्षं लागतात असं दिसलं. देवनागरीची बांधणीही तशीच आहे. ‘पहिलीत अक्षरओळख संपली’ असं धरून चालणं म्हणूनच चुकीचं आहे. ज्यांची अक्षरओळख संपलेली नसते, ती मुलं तिथेच मागे पडतात.

रोज नेमकं कसं शिकवायचं?

तीन ते पाच मुलांचा गट, 30 मिनिटं, आठवड्यातून किमान चार दिवस. आठवड्यातून एकदा दोन तास घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण या मुलांची एक मोठी अडचण विसरण्याचीही असते. आज पक्कं झालेलं परवापर्यंत पुसलं जातं. वेळेची वाटणी साधारण अशी:

पहिली 4 मिनिटं शिकलेल्या अक्षरांच्या पत्त्या (कार्डं) वाचणं, क्रम बदलून. पुढची 5 मिनिटं वही बंद, फक्त कान: “‘सागर’मधला ‘सा’ काढला तर काय उरलं?” “‘काम’मधल्या पहिल्या आवाजाच्या जागी ‘न’ आणला तर?” मग 7 मिनिटं नवीन अक्षर किंवा मात्रा. त्यानंतर 7 मिनिटं त्याच अक्षरांचे शब्द वाचणं आणि ऐकून लिहिणं. उरलेली 7 मिनिटं त्याच शब्दांची छोटी वाक्यं वाचणं.

अक्षरांचा क्रम क, ख, ग, घ असा ठेवू नका. वर्णमालेत सारख्या आवाजाची अक्षरं शेजारी-शेजारी आहेत आणि गोंधळणाऱ्या मुलाला तेच नको असतं. क, म, ल, र, न, त, आ आणि काना एवढ्यांवर सुरुवात केली तरी ‘काम’, ‘नाक’, ‘ताक’, ‘रात’, ‘लाल’ तयार होतात आणि पहिल्या पंधरवड्यात मूल ‘काका, आत काम कर’ हे खरंखुरं वाक्य वाचतं. त्या वाक्याचा त्याच्यावर होणारा परिणाम कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठा असतो. घ आणि ध, भ आणि म यांच्यात निदान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा: आधी एक पक्कं, मगच दुसरं.

आठवड्याला दोन-तीनच नव्या खुणा. दहापैकी नऊ वेळा, तेही लागोपाठ तीन दिवस, न अडखळता आलं तरच पुढे.

बाराखडी घोकून घेतली की मात्रा आल्या असं वाटतं, पण मूल ‘क का कि की’ चालीवर म्हणत असतं, आणि सुटा ‘मु’ दाखवला की मनात ‘म मा मि मी’ म्हणत पाचव्या घरापर्यंत चालत जातं. म्हणून मात्रा मिसळून विचारा: मु, ती, का, ले.

ऱ्हस्व वेलांटी खास काळजीने घ्या. ‘दि’मध्ये वेलांटी ‘द’च्या आधी दिसते, पण आवाज नंतर येतो. पुठ्ठ्याचं ‘द’चं एक कार्ड आणि वेलांटीचं एक कार्ड करा. मुलाने आधी ‘द्’ म्हणत ‘द’चं कार्ड ठेवायचं, मग ‘इ’ म्हणत वेलांटीचं कार्ड त्याच्या डावीकडे सरकवायचं, मग बोट फिरवत ‘दि’ वाचायचं. हाताने पाच-सहा वेळा सरकवलं की तोंडी समजावण्याची गरज राहत नाही.

रफाराचं उलट आहे: ‘सूर्य’मध्ये तो ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चार ‘य’च्या आधी. मराठीत ‘र’ जोडाक्षरात चार रूपं घेतो: चक्र, राष्ट्र, सूर्य, दुसऱ्या. चारही एका तासात दाखवली तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही. प्रत्येकाला वेगळा आठवडा द्या. इतर जोडाक्षरांत अर्धं अक्षर स्पष्ट दिसणारी आधी (स्त, च्च, म्म, ल्ल), रूप पालटणारी नंतर (क्ष, ज्ञ, द्ध, द्य).

चूक झाली की काय करायचं?

लगेच, शांतपणे दुरुस्त करा. “हे ‘भा’. म्हण. आता शब्द पुन्हा वाच.” मग दोन शब्द पुढे जाऊन त्याच शब्दावर परत या. “नीट बघ”, “विचार कर”, “चित्र पाहून ओळख” यांचा उपयोग नाही, कारण चित्र पाहून अंदाज बांधणं हीच त्याची जुनी सवय आहे आणि आपल्याला ती मोडायची आहे.

एवढं करूनही प्रगती का होत नाही?

कारणं बहुतेक ठरलेली असतात. गट फुगून बाराचा झालेला असतो. कार्यक्रम, सर्वेक्षण, माहिती भरणं यांत आठवड्याचे दोन दिवस जातात. वाचन सामूहिक घेतलं जातं आणि मूल इतरांच्या आवाजामागे अर्धा क्षण उशिरा तोंड हलवत राहतं. फळ्यावरचं उतरवून घेणं म्हणजे लेखन असं धरलं जातं, पण उतरवताना मूल चित्र काढत असतं, वाचत नसतं. आणि सर्वांत जास्त वेळा घडणारी गोष्ट म्हणजे तासभर फक्त विचारलं जातं, शिकवलं जात नाही. “हे कोणतं अक्षर?” या प्रश्नाआधी ते अक्षर सांगितलेलं, म्हणून घेतलेलं आणि लिहून घेतलेलं असायला हवं.

प्रगती मोजायची कशी?

दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, एक मिनिट. मुलाने न पाहिलेला पण त्याच पातळीचा उतारा द्या. तुमच्या प्रतीवर चुकलेल्या शब्दावर तिरकी रेघ मारा. तीन सेकंदांत स्वतः दुरुस्त केलं तर ते बरोबर धरा, तीन सेकंद थांबलं तर शब्द सांगा आणि चूक धरा. मिनिटाला किती शब्द बरोबर, तो आकडा आलेख-कागदावर बिंदू म्हणून मांडा.

समजा आज 14 शब्द आहेत आणि 12 आठवड्यांनी 32 हवे आहेत, म्हणजे आठवड्याला दीड शब्द. या दोन बिंदूंमध्ये रेघ ओढा. लागोपाठ चार बिंदू रेघेखाली गेले तर मुलाला दोष न देता आखणी बदला: गट लहान करा, दिवस वाढवा किंवा एक पायरी मागे जा. चार बिंदू रेघेच्या वर गेले तर लक्ष्य वाढवा.

निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्दांचं लक्ष्य आहे. ते दिशा म्हणून ठेवा, पण त्यावरून मुलाला नापास ठरवू नका. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘शेजाऱ्यांच्यासुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी करा.

सहावी-सातवीत आहे आणि अजून अडखळतंय. उशीर झाला का?

नाही, पण आता दोन कामं एकाच वेळी चालली पाहिजेत. वाचनाचा तास चालू ठेवायचा आणि त्याच वेळी इतिहास-विज्ञान वाचनावाचून अडू द्यायचं नाही. धडा मोठ्याने वाचून दाखवा किंवा रेकॉर्ड करून द्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, पण मजकूर युनिकोडमध्ये नसेल तर फोन तो वाचून दाखवू शकत नाही. अशा वेळी मोठ्या भावंडाने किंवा वर्गमित्राने केलेलं रेकॉर्डिंगच कामाला येतं.

या वयात सुट्या अक्षरांपेक्षा शब्द कापायला शिकवणं जास्त फळतं. मराठीत लांब शब्द बहुतेक वेळा जोडलेला असतो: ‘घोड्यांवरून’ म्हणजे घोडा, अनेक, वरून. मूल शब्दावर पेन्सिलने उभ्या रेघा मारतं, तुकडे वाचतं, मग एका दमात वाचतं. ‘घोडा’चं ‘घोड्या’ होतं हे सामान्यरूप व्याकरणाच्या तासाला नियम म्हणून येतं, इथे ते वाचनाचं हत्यार बनतं. रोज आठ शब्द पुरेत. आणि पहिलीची चित्रांची पुस्तकं वर्गासमोर हातात देऊ नका. शब्द सोपे असोत, विषय त्याच्या वयाचा हवा: क्रिकेट, ट्रॅक्टर, साप.

वेगळी मदतनीस ताई ठेवली तर प्रश्न सुटेल का?

आपोआप नाही. इंग्लंडमध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटाने केलेला मोठा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना मदतनिसांचा जास्त वेळ मिळाला त्यांची प्रगती, सुरुवातीची पातळी लक्षात घेऊनही, इतर तशाच मुलांपेक्षा कमी झाली होती. कारण समजण्यासारखं आहे: मदतनीस आली की शिक्षकांचं त्या मुलाशी बोलणं कमी होतं, आणि काम पुरं व्हावं म्हणून ती उत्तर सांगून टाकते. तीच ताई वर सांगितलेला 30 मिनिटांचा तास प्रशिक्षण घेऊन चालवत असेल, तर मात्र चांगला फायदा दिसतो. मागे पडलेल्या मुलाला सर्वांत अनुभवी शिक्षकाचा वेळ मिळाला पाहिजे.

रंगीत चष्मे, मेंदूचे व्यायाम, ‘प्रत्येकाची शिकण्याची शैली’ यांचं काय?

पैसे वाचवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये एकत्र निवेदन काढून रंगीत भिंगं आणि डोळ्यांचे व्यायाम यांना डिस्लेक्सियासाठी पुरेसा आधार नाही असं सांगितलं. मूल ‘बघून शिकणारं’ की ‘ऐकून शिकणारं’ हे ठरवून तसं शिकवल्याने शिकणं वाढतं, याला मानसशास्त्रज्ञांच्या 2008 मधल्या सविस्तर आढाव्यात पुरावा मिळाला नाही. वाळूत अक्षर गिरवायला हरकत नाही, पण गिरवताना आवाज मोठ्याने म्हटला जात नसेल तर तो फक्त वाळूचा खेळ होतो.

अध्ययन अक्षमतेचा दाखला कधी आणि कसा काढायचा? तोवर थांबायचं का?

थांबायचं अजिबात नाही. दाखल्याने परीक्षेतल्या सवलती मिळतात. वाचायला शिकवण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. दाखल्याची वाट पाहण्यात गेलेलं वर्ष परत मिळत नाही.

केंद्राच्या 2018 मधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाळणी साधारण तिसरीत किंवा आठव्या वर्षी, तपासणी बालरोगतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडून, आणि 14 व 18 व्या वर्षी फेरतपासणी अशी पद्धत ठरली होती. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर करायचा आणि तपासणी शासकीय रुग्णालयात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी यासाठी स्वतंत्र विभाग आहे, जिल्ह्यात जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. खासगी समुपदेशकाचा अहवाल शिकवण्यासाठी उपयोगी असतो, पण तो दाखला नव्हे.

सोबत दोन वर्षांच्या वह्या आणि उत्तरपत्रिका न्या, ताज्या आणि न खोडलेल्या. शाळेचं पत्र “अभ्यासात कच्चा” एवढंच असेल तर बदलून घ्या. काय शिकवलं, किती आठवडे आणि आलेख काय म्हणतो ते त्यात हवं. तारखा लांबच्या मिळतात, म्हणून दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका, आठवीतच हालचाल करा.

परीक्षेत लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) आणि जादा वेळ मिळाला. आता पुरे ना?

सवलतीचाही सराव लागतो, आणि सर्वांत जास्त निराशा इथेच होते. केंद्राच्या सूचनांनुसार जादा वेळ तासाला किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. चार तास बसायची सवय एका दिवसात होत नाही. लेखनिक साधारणपणे खालच्या इयत्तेतला असतो. अनोळखी मुलासमोर बोलून उत्तर सांगायची वेळ आली की मूल गप्प होतं आणि येणारं उत्तरही एका ओळीत उरकतं. म्हणून नववीपासून निदान पाच-सहा पूर्ण पेपर लेखनिकासह घ्या. मुद्दे आधी बोटांवर मोजून मग सांगणं, “नवीन परिच्छेद” म्हणणं, लिहिलेलं परत वाचून घेणं, आकृतीतली नावं सांगणं, हे सगळं शिकवावं लागतं.

वर्गातल्या चाचण्यांत आशयाचे गुण वेगळे आणि शुद्धलेखनाचे वेगळे द्या. आशयाला पूर्ण गुण मिळाले की मुलाला आपल्याला विषय येतो हे कळतं, आणि शिक्षकांनाही.

गणितात मूल 25 चे 52 करतं. हेही त्यातलंच का?

असू शकतं, पण आधी भाषा पाहा. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन. ‘एकोणतीस’मध्ये तर ‘तीस’ ऐकू येतं आणि लिहायचे असतात 29. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जोडवाचनाची पद्धतही दिली, तेव्हा बराच वाद झाला. आमच्या मते अडखळणाऱ्या मुलासाठी ती उत्तम पायरी आहे: काही आठवडे ‘वीस पाच म्हणजे पंचवीस’ असं दोन्ही एकत्र म्हणून घ्या, मग पहिलं गळून जातं.

सोबत काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवा. आधी गठ्ठे आणि सुट्या काड्या हाताने, मग त्यांची चित्रं, मग अंक. घाई होते ती मधल्या पायरीत: काड्यांवरून थेट अंकांवर उडी मारली की हातचा घेणं नुसती कृती म्हणून पाठ होतं.

घरी काय करावं?

पंधरा मिनिटं, जेवणाआधी. पाच मिनिटं शाळेतल्याच अक्षरांच्या पत्त्या, पाच मिनिटं मुलाने ओळखीचा उतारा दोनदा वाचणं, पाच मिनिटं तुम्ही त्याला गोष्ट वाचून दाखवणं. तुम्हाला वाचता येत नसेल तर गोष्ट सांगा, त्याचा शब्दसाठा तसाही वाढतो. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका: सहाव्या ओळीपर्यंत तोच शब्द बहुतेक वेळा चुकीचा उतरलेला असतो आणि पुढे चूकच पक्की होते. तीन वेळा लिहू दे, प्रत्येक वेळी आधीचा झाकून, आणि अक्षर मोठ्याने म्हणत.